गुडघ्याखालचा हात

मंदाताई जोगळेकरांना मी बसलेले फार क्वचित पाहिले. चहा त्या ओट्याशी उभ्या राहून पीत. वर्तमानपत्र गच्चीवर येरझारा घालत वाचीत आणि वाऱ्याने पान उलटले तर त्याला मराठीतून दटावीत. कोणाच्या घरी गेल्या तरी उंबरठ्याच्या जरा आत, एक हात चौकटीवर टेकवून उभ्या. "बसा ना," असे म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले असे, "बसते कशाला? पुन्हा उठावंच लागणार." एवढे बोलून त्या उभ्यानेच तासभर गप्पा मारीत, आणि समोर खुर्चीत बसलेल्या माणसाला उगीचच अपराधी वाटू लागे.

बदलीवर कोलकात्याला आल्यावर मला जागा मिळाली ती बेहालातल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या घरात. तळमजल्यावर शिलाईचा कारखाना, पहिल्या मजल्यावर मी, आणि दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारे. एका दारामागे मंदाताई, दुसऱ्यामागे बंगाली शिप्रादी, म्हणजे शिप्रादीदी. मंदाताई मूळच्या मिरजेच्या. तरुणपणी खो-खो खेळत. लग्नानंतर यजमानांच्या सरकारी कंपनीतल्या नोकरीमुळे इथे आल्या आणि जवळच्याच मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या. पुढे यजमान गेले, शाळेतून निवृत्ती झाली, एकुलता एक मुलगा अभय पुण्यास स्थायिक झाला; मंदाताई मात्र बेहाला सोडून गेल्या नाहीत. शाळेतली शिट्टी अजून त्यांच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे.

मी राहायला आले त्या पहिल्याच सकाळी त्या साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून माझ्या दारात उभ्या राहिल्या. खोक्यांच्या ढिगाकडे पाहून म्हणाल्या, "बँकेतल्या ना तुम्ही? बदलीची माणसं. तुमचं सामान कधी पुरतं उघडतच नाही. फोर्ट विल्यममधल्या त्या लष्करातल्या बायकांचं तसंच, सॉल्ट लेकच्या त्या आयटीवाल्यांचंही तसंच. मी कोणाशी फार माया लावत नाही, आधीच सांगते." आणि हातातला थालीपिठाचा डबा माझ्या हाती देऊन, माझे नाव विचारायचे विसरून, त्या खाली उतरून गेल्यासुद्धा.

माझे छत ही त्यांची जमीन होती. त्यामुळे त्यांचा सारा दिवस मला पावलांतून ऐकू येई. ओट्यापासून खिडकी, खिडकीपासून दार, दारापासून देवघर. सुरुवातीला त्या आवाजाने माझे वाचन होत नसे. काही महिन्यांनी तो आवाज नसला की वाचन होईना.

बाजार हे त्यांचे खरे मैदान. त्या शुद्ध शाकाहारी. पण शिप्रादींसाठी मासा निवडण्याचा अधिकार त्यांनी कोणाला दिला नव्हता. पदर नाकाला लावून, माशाच्या कल्ल्याचे झाकण दोन बोटांनी उचलून त्या आतला लाल रंग पाहत आणि कोळ्याला बंगालीतून म्हणत, "हा परवाच वारला. याच्या तेराव्याला बोलवू नकोस मला." शिप्रादी मागे पिशवी धरून संकोचाने उभ्या असत. एकदा मी विचारले, "खात नाही, तर कळतं कसं?" त्या म्हणाल्या, "मुली निवडायचे मी संघासाठी. धावणारं कोण आणि पडून राहणारं कोण, एवढं डोळ्यांत बघून कळतं."

शिप्रादी त्यांच्या अगदी उलट. सावकाश बोलणाऱ्या, दुपारी न चुकता झोपणाऱ्या, जड अंगाच्या, हळव्या. एका जिन्यावर इतकी वर्षे काढून दोघींनी एकमेकींच्या स्वभावाला हात लावला नव्हता. त्यांचे बोलणे बंगालीत चाले. ते मी माझ्या कुवतीप्रमाणे मराठीत देत आहे.

मंदाताईंचा उजवा गुडघा मी आले तेव्हाच बिघडलेला होता. जिना उतरताना त्या कठड्याकडे तोंड करून तिरप्या उतरत, आणि कोणी पाहते आहे असे वाटले की मधेच थांबून भिंतीवरची जाळी झटकू लागत. त्या जिन्याच्या भिंतीत इतकी जळमटे खचितच नव्हती. अखेर हाडावर हाड घासू लागले आणि डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला. दुर्गापूजेचे दिवस सरल्यावर शस्त्रक्रिया झाली. अभय रजा काढून आला होता. दवाखान्यातून निघताना मंदाताई त्याला म्हणाल्या, "खेळाडू आहे मी. महिनाभरात पळून दाखवते."

घरी आणले त्या दिवशी जिना चढवायचा कसा, हा प्रश्न पडला. गल्लीतल्या तरुण मंडळींनी हात असलेली एक खुर्ची आणली, मंदाताईंना तीत बसवले आणि चौघांनी खांदा दिला. विसर्जनाचा ढोल अजून सगळ्यांच्या कानांत होता. कोणीतरी ओरडले, "बॉलो दुग्गा माई की!" आणि सगळा जिना गर्जला, "जॉय!"

"अरे, देवी विसर्जनाला खाली नेतात, वर नाही!" खुर्चीतून मंदाताई ओरडल्या.

"आश्छे बॉछोर आबार होबे!" तितक्याच उत्साहाने उत्तर आले. पुढच्या वर्षी पुन्हा, अशी ती विसर्जनाची आरोळी. मंदाताईंनी डाव्या गुडघ्याकडे पाहिले आणि त्या इतक्या हसल्या की खुर्ची डगमगली. पण वर पोहोचून पलंगावर टेकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "असं उचलून आणायची ही शेवटची वेळ," त्या मला हळूच म्हणाल्या.

अभय शांत, समंजस मुलगा. जायच्या आदल्या दिवशी तो आईजवळ बसून म्हणाला, "आई, पुण्याला लिफ्ट आहे गं."

"लिफ्ट आहे म्हणून राहायचं का मी तिथे? मग कुठल्याही इस्पितळात राहते की. तिथंही असते."

"इथे रात्री काही झालं तर कोण उचलणार तुला?"

या प्रश्नावर त्यांनी तो शब्द दिला, जो त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता. "थंडी संपताना ये. माझी मी खाली रस्त्यावर जाऊन परत वर येईन. कोणी हात लावायचा नाही. नाही जमलं, तर तुझ्या गाडीत मुकाट बसेन. घराला कुलूप. बोल."

अभयने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहिले.

त्यानंतर छतावरचा आवाज बंद झाला. मधूनच वॉकरचे ठोके ऐकू येत, त्यामागून पाय ओढल्याचा एक लांब आवाज, की पुन्हा शांतता. काही हवे असेल तर मंदाताई शिट्टी वाजवीत. एक शिट्टी शिप्रादींसाठी, दोन माझ्यासाठी. मी कामावरून येऊन चपला काढते न काढते तोच दोन शिट्ट्या होत. वर जाऊन पाहावे तर काहीच हवे नसे. "जरा तो पडदा सरकवा. नको, राहू द्या. खिडकी उघडा. बंद करा. काय कटकट आहे ही! तुम्ही बसा तरी. नाही, उठा, तुम्ही बसलात की माझा पाय जास्त दुखतो." झोप त्यांना लागत नसे. गुडघ्यात कोणीतरी ओला दोर पिळतो आहे, असे त्या म्हणत. भूक मेली होती. दूरदर्शनचा आवाज सहन होत नसे आणि बंद केला तर शांतता सहन होत नसे.

देबांजन नावाचा फिजिओथेरपिस्ट दिवसाआड येई. तरुण, मितभाषी, मराठी घर म्हणून तिथे सगळ्यांशीच हिंदीतून बोलणारा; मावशीला तेवढे बंगालीतले 'माशीमा' म्हणे. त्याने सांगितलेल्या व्यायामाच्या दुप्पट त्या त्याच्या पाठीमागे करीत. परिणामी गुडघा सुजून लाल होई आणि तो बर्फ ठेवायला सांगून म्हणे, "माशीमा, ये खेल नहीं है."

"मग काय आहे?" त्या मला मराठीतून विचारीत. "आयुष्यभर मुलींना हेच शिकवलं, दम लागला की अजून एक फेरी. आता हा म्हणतो दम लागायच्या आत थांब. थांबणं मला कोणी शिकवलंय का?"

याच दिवसांत शिप्रादी कोलबालिश घेऊन आल्या. कोलबालिश म्हणजे कुशीत घेऊन झोपायचा लांबट लोड. बंगाली घरात त्याच्यावाचून कोणाला झोप येत नाही. हा त्यांच्या आईच्या हातचा होता, जुन्या साड्यांचे थर शिवून केलेली त्याची खोळ मऊ पडलेली होती. शिप्रादींनी तो दोन्ही हातांनी अलगद मंदाताईंच्या दुखऱ्या गुडघ्याखाली सरकवला. "आराम पाबे," त्या म्हणाल्या.

आराम खरोखरच पडला. त्या रात्री मंदाताई प्रथमच झोपल्या. सकाळी मी गेले तेव्हा त्या लाजल्यासारख्या हसल्या. "या बंगाल्यांना झोपायचं शास्त्र कळतं बरं का. आपण उगीच सतरंजीवर आडवे होणारे लोक." शिप्रादी रोज येऊन लोड नीट करीत, खोळीवरची सुरकुती हाताने काढीत. आयुष्यभर कोणाकडून आराम न घेतलेल्या बाईने तो घेतला, तो असा.

काही आठवड्यांनी देबांजनने मंदाताईंना पलंगावर पाय सरळ ठेवायला सांगितले आणि गुडघ्याखाली आपला हात घातला. हात आरपार गेला. त्याने भुवया आक्रसल्या. गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकायला हवी होती. पाय धनुष्यासारखा वाकलेलाच राहिला होता. मग त्याची नजर लोडाकडे गेली.

"ये आप नीचे रखती हैं? पूरी रात?"

गुडघा दुखतो तो सरळ ठेवल्यानेच. म्हणून वाकवून ठेवला की बरे वाटते, आणि बरे वाटता वाटता तो तसाच आखडतो, असे त्याने समजावून सांगितले. आखडलेल्या पायाने जिना चढता येत नाही. फार दिवस गेले तर पुन्हा भूल देऊन गुडघा मोकळा करावा लागेल. लोड बंद. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि दुखेल तेवढे दुखू द्यायचे.

तो गेल्यावर मंदाताईंनी लोडाची खोळ हाताने सारखी केली. मग म्हणाल्या, "शिप्राला यातलं काही कळता कामा नये."

"पण—"

"तिच्या आईचा आहे तो. ती रडेल. एकदा रडायला लागली की तिचं दोन दिवस आटपत नाही. तुम्ही फक्त लक्ष ठेवा."

त्यानंतर त्या घरात एक विचित्र कवायत सुरू झाली. संध्याकाळी समोरचे दार वाजून शिप्रादींच्या चपलांचा आवाज आला की मी टॉवेल काढून लोड गुडघ्याखाली सरकवायचा. त्या गेल्या की उलट. मंदाताई तोंडाने "आहा, की आराम" म्हणत आणि मराठीतून मला दटावीत, "चेहरा सरळ ठेवा, चोरी पकडली जाईल." हसू येई आणि भीतीही वाटे. कारण लोड निघाल्यावर त्यांच्या रात्री पुन्हा गेल्या होत्या. एकदा मी टाच टॉवेलवर ठेवत असताना त्यांनी माझे मनगट घट्ट धरले. "काढून टाका म्हणावं हे लोखंड. माझा तो जुना, मोडका द्या परत. पुण्याला तर पुण्याला." मी दुसऱ्या हाताने टाच टॉवेलवर नीट ठेवली. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "हे अभयला सांगायचं नाही."

एका गुरुवारी संध्याकाळी चोरी पकडली गेली. गुरुवारी शिप्रादींच्या घरी लक्ष्मीची पूजा असे. त्या पूजा आटोपून अनवाणीच प्रसाद घेऊन आल्या, त्यामुळे चपला वाजल्या नाहीत. देबांजन आत होता. लोड कोपऱ्यात शिक्षा झालेल्या मुलीसारखा उभा होता. देबांजनला तो कोणाचा, हे ठाऊक नव्हते. शिप्रादींना पाहून तो सहज म्हणाला, "माशीमा को समझाइए, ये कोलबालिश ही दुश्मन है. इसी से पैर टेढ़ा हुआ."

शिप्रादींनी प्रसादाची वाटी खाली ठेवली. त्यांनी लोडाकडे पाहिले, टॉवेलकडे पाहिले, मग मंदाताईंकडे. "मला सांगितलं का नाहीस?"

मंदाताईंपाशी प्रत्येक गोष्टीला उत्तर असे. त्या दिवशी त्या चाचरल्या. "तुला वाईट वाटलं असतं."

"आणि पाय वाकडा राहून तुला पुण्याला नेलं असतं, तेव्हा काय मला आनंद झाला असता? कल्ले उघडून मेलेला मासा ओळखतेस. समोरच्या दारातलं माणूस ओळखता येत नाही?"

त्या रडल्या नाहीत. त्यांनी लोड उचलून समोरच्या घरात नेऊन ठेवला, परत आल्या, देबांजनला विचारले, "काय करायचं असतं?" त्याने दाखवले. गुडघा खाली दाबायचा, गादीला टेकवायचा प्रयत्न करायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. शिप्रादी पलंगावर बसल्या आणि त्यांनी आपला गुबगुबीत तळवा मंदाताईंच्या गुडघ्याखाली घातला.

"चापो," त्या म्हणाल्या. दाब.

"तुझ्या हाताला लागेल."

"चापो बोलछि!"

शिप्रादींचा चढा आवाज मी प्रथमच ऐकला. इतक्या वर्षांत मंदाताईंनीही बहुधा प्रथमच. त्यांनी दाबले. तोंडातून आवाज निघाला, डोळ्यांच्या कडांना पाणी आले, पण तळव्याला गुडघा लागला नाही.

त्या दिवसापासून दुपारची झोप सोडून शिप्रादी येऊ लागल्या. हात घालीत, "चापो" म्हणत, आणि बाजारभावापासून सुनेच्या माहेरापर्यंत गप्पा मारीत. मंदाताई शिव्या देत. बंगालीतल्या संपल्या की मराठीतल्या. "तुला काही दयामाया आहे का गं, ठोंब्ये?" शिप्रादींना तो शब्द कळत नसे, पण आवडे. त्याही मग मंदाताईंना "ए ठोंबे" म्हणू लागल्या. काही दिवसांनी त्या येताना बोटातली अंगठी काढून येऊ लागल्या. मी कारण विचारले तर कौतुकाने म्हणाल्या, "आता रुतते." आणि डिसेंबरच्या एका दुपारी मी सुट्टीमुळे घरी असताना वरून एकदम मोठा कल्लोळ ऐकू आला. धावत गेले. शिप्रादी पलंगावर वाकलेल्या होत्या, हसून हसून त्यांना बोलता येत नव्हते. गुडघ्याखालचा हात निघत नव्हता.

"सोड गं, सोड! मोडशील!"

"नाही सोडत," मंदाताई दात आवळून म्हणाल्या. "चापो म्हणालीस ना? घे!"

थंडी सरताना अभय आला. गुडघा सरळ झाला होता, वाकतही बऱ्यापैकी होता; पण जिना सबंध असा त्या एकदाही चढल्या नव्हत्या. त्या सकाळी त्यांनी कॅनव्हासचे बूट मागितले. एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी, असे देबांजनने पढवले होते; त्या ते शाळेतल्या कवायतीसारखे पुटपुटत उतरल्या. शिलाईच्या कारखान्यातली यंत्रे थांबली. रस्त्यावर पाऊल ठेवल्यावर तिथूनच परतायचे होते. पण त्या थांबल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत गेल्या, त्याला "इतके दिवस पाणी फार घातलंस वाटतं चहात" असे सुनावून परत आल्या. अभय कपाळाला हात लावून उभा होता.

चढायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यापर्यंत त्या आल्या. त्यापुढे पाय थरथरू लागला. दोन मजल्यांच्या मधे एक वळण आहे, तिथे रस्त्याकडे उघडणारी सिमेंटची जाळी आहे. तिथवर पोहोचून त्या थांबल्या. कठडा धरलेली बोटे पांढरी पडली होती. अभय खालून एक पायरी पुढे सरकला. वर उभ्या असलेल्या शिप्रादींनी त्याला हाताने थांबवले.

आणि मंदाताई बसल्या. कठड्याला धरून, दुखरा पाय पुढे सोडून, हळूहळू वाकवत, त्या पायरीवर बसल्या. काठी शेजारी ठेवली. पदराने मान पुसली. जाळीतून रस्त्याकडे पाहू लागल्या. 

"आई," अभय अगदी हळू म्हणाला, "राहू दे ना आता."

"काय राहू दे?"

"तू... थांबलीस."

"मग? वाटेत थांबायचं नाही असं कोणी ठरवलं होतं? हात लावायचा नाही, एवढंच ठरलंय." श्वास जुळेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आम्हा तिघांनाही तो फार लांब वाटला, त्यांना वाटला नसावा. "इथे वारा छान येतो गं, शिप्रा," त्या बंगालीत म्हणाल्या. "इतकी वर्षं इथून जाते येते, कळलंच नव्हतं." मग काठी टेकून, कठडा ओढून त्या उठल्या आणि उरलेल्या पायऱ्या चढून गेल्या. दारात शिरताना मागे न वळता म्हणाल्या, "अभय, चहा टाक."

अभय एकटाच पुण्याला परतला.

चैत्रात माझी बदली झाली. खोकी बांधायला फार वेळ लागला नाही. काही तर उघडलीच नव्हती. निघायच्या दिवशी मी वर जाऊन नमस्कार केला, तर मंदाताईंनी तो अर्ध्यावरच थांबवला. "इथे नको. खाली येते." त्या माझ्या मागून उतरल्या, गळ्यात शाळेतली शिट्टी, दुखरा पाय आधी. टॅक्सीत सामान चढेपर्यंत फाटकाशी उभ्या होत्या, म्हणजे या पायावरून त्या पायावर होत होत्या. एक स्टीलचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. थालीपीठच असणार.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "माया लावत नाही."

"हो, ताई."

"मग रडता कशाला? जा आता. मला चढायचंय." आणि त्या वळल्यासुद्धा.

गल्लीच्या तोंडाशी एक सामानाची हातगाडी आडवी आल्याने टॅक्सी अडकली. मी मागच्या काचेतून जिन्याकडे पाहत राहिले. बराच वेळ काही दिसले नाही. मग जाळीमागे पांढरे केस दिसले, थांबले, आणि हळूहळू खाली गेले. त्या बसल्या होत्या.

हातगाडी सरकली तरी चालक कोणाशी तरी बोलत होता. तेवढ्यात जाळीतून एक लांब, करडी शिट्टी वाजली. पोलीस समजून तो दचकला आणि त्याने गाडी एकदम दामटली. मी वळून पाहिले तोवर घर कोपऱ्याआड गेले होते. त्यांना उठताना मी पाहिले नाही.